सातबाऱ्यावरचा धूर : तिसगावच्या इंजिनांचा हिशोब कसा मांडायचा?



पेटची किंवा सेट-नेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : "संशोधनाचा विषय सापडला, पण आकडेवारीच नाही. मग काय करायचं?" माझा विषय ऐकल्यावर तर लोकांना हा प्रश्न हमखास पडतो. शेतीच्या यंत्रांतून गेल्या साठ-सत्तर वर्षांत हवेत किती प्रदूषण गेलं, याचा इतिहास मी लिहू पाहतोय. धूर तर त्याच दिवशी विरून गेला. त्याची नोंद ना तलाठ्याने ठेवली, ना शेतकऱ्याने. मग मोजायचं काय?

आज हे एका गावाच्या उदाहरणावरून समजावून सांगतो. गाव तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहमदनगर, म्हणजे २०२४ नंतरचा अहिल्यानगर. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट उतरलात की पुढे तिसगाव लागतं. कल्याण-विशाखापट्टणम राष्ट्रीय महामार्ग गावातूनच जातो. तालुका अवर्षणप्रवण आणि ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचा. तरी तालुक्यातच आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात या भागातल्या रस्त्यावर थोडा वेळ थांबा. मागे दोन ट्रॉल्या लावलेला, उसाने लादलेला ट्रॅक्टर चढ चढताना दिसेल. त्याच्या धुरांड्यातून निघणारा काळा लोट बघा आणि स्वतःला विचारा : हा धूर कुणाच्या खात्यात लिहायचा? शेतीच्या की वाहतुकीच्या?

हा प्रश्न बाजूला ठेवू नका, शेवटाकडे परत येणार आहोत.

आधी सूत्र

जगभर हा अंदाज एकाच सूत्राने काढतात. यंत्रांची संख्या घ्या. तिला वर्षभरात यंत्र किती तास चाललं त्याने गुणा. मग इंजिनाच्या ताकदीने गुणा. मग लोड फॅक्टरने, म्हणजे इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या किती हिश्श्यावर चालतं त्याने गुणा. शेवटी उत्सर्जन गुणांक, म्हणजे एक किलोवॅट-तास काम झालं की किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडतं, त्याने गुणा. झालं उत्तर तयार.

पाच आकड्यांचा गुणाकार आहे, सातवीतल्या मुलालाही जमेल. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला पहिल्यांदा गाव विचारतो. तसंच या पाचही आकड्यांना त्यांचं गाव विचारायचं : तू कुठला, कुणी तुला जन्माला घातलं, आणि कशासाठी? आजच्या लेखात सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

सूत्राचं गाव

ट्रॅक्टर मोजायची पद्धतशीर सुरुवात झाली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. ट्रॅक्टर विकणारे वाट्टेल ते दावे करायचे आणि शेतकरी फसायचा. म्हणून १९१९ मध्ये तिथे कायदा झाला आणि १९२० पासून विकायच्या आधी ट्रॅक्टरची चाचणी सुरू झाली. किती ताकद, किती इंधन, हे छापून येऊ लागलं. प्रदूषणाचा त्यात विचारही नव्हता. प्रश्न ग्राहकाच्या फसवणुकीचा होता. पण "एवढ्या कामाला एवढं इंधन" हा आकडा तिथून मिळू लागला, आणि पुढे प्रदूषणवाल्यांनी तो उचलला.

धूर मोजायची पाळी बरीच नंतर आली. १९७३ मध्ये टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हेअर आणि स्प्रिंगर या दोघांनी अमेरिकन सरकारसाठी एक अहवाल केला. रस्त्यावरच्या गाड्या सोडून बाकीची इंजिनं किती प्रदूषण करतात, याचा. रेल्वे इंजिनं, होड्यांची इंजिनं, मोटारसायकली असे त्याचे भाग होते आणि पाचवा भाग शेती, बांधकाम आणि कारखान्यांतल्या मोठ्या इंजिनांचा. १९९० मध्ये तिथला हवा कायदा सुधारला आणि पर्यावरण खात्याला अशा यंत्रांचा अभ्यास करणं बंधनकारक झालं. तो अहवाल १९९१ मध्ये आला. युरोपात देशोदेशींच्या प्रदूषणाची मोजणी एकसारखी व्हावी म्हणून १९९६ मध्ये मार्गदर्शक पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. शेती आणि वनीकरणाच्या यंत्रांना त्यात वेगळा रकाना मिळाला. आज आपल्याकडचे संशोधकही गुणांक मिळाला नाही की याच पुस्तकाचा आधार घेतात.

आता या रकान्यामागे कोणतं चित्र आहे ते लक्षात घ्या. मोठं शेत, त्यात ट्रॅक्टर, रस्त्यापासून लांब. त्याचं नावच मुळी "रस्त्याबाहेरची यंत्रं". तिसगावच्या रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर या चित्रात बसतो का? बघू.

मोटेपासून इंजिनापर्यंत

इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिलं पुस्तक उघडावं ते १८८४ चं अहमदनगरचं गॅझेटियर. त्यात पाथर्डी तालुका शोधाल तर सापडणार नाही! तेव्हा जिल्ह्यात अकराच उपविभाग होते आणि हा भाग शेवगावात मोडायचा. म्हणजे "पाथर्डी तालुक्यात तेव्हा नांगर किती आणि आता ट्रॅक्टर किती" अशी सरळ तुलना करायला गेलात की पहिल्याच पायरीवर पाय घसरला. आधी गावांच्या याद्या लावून हद्दी जुळवाव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

त्या काळात शेतीची ताकद म्हणजे बैल. विहिरीवर मोट, बैलांच्या येण्याजाण्याला धाव, पाणी पडायला थारोळं. आपल्या सूत्रात मोटेचं उत्सर्जन शून्य.

मग यंत्र आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. त्या नांगरालाही बैलच लागत, धूर नव्हता. डिझेल इंजिन बनवायला साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात सुरुवात केली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढच्या काळात विहिरीवरची धाव ओस पडली आणि तिच्या जागी छोटी खोली आली, तिच्यात हँडल मारून सुरू करायचं इंजिन. ट्रॅक्टरचं पाहिलं तर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, पण त्यातून आलेली अवजड यंत्रं सरकारी संघटनेची होती, पडीक जमीन फोडण्यासाठी. कांदिवलीच्या कारखान्याचा ट्रॅक्टर आला तो १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी झाल्यावर.

म्हणजे आपल्या कोरडवाहू भागात शेतीचा पहिला धूर नांगरटीचा नव्हे, पाण्याचा. युरोपातलं पुस्तक ट्रॅक्टरपासून सुरू होतं, आपला इतिहास विहिरीपासून सुरू करावा लागतो. विषय निवडताना हा फरक ज्याला दिसला त्याचं अर्धं काम झालं म्हणा.

इंजिनं कुठे सापडतील?

आता पहिला आकडा : संख्या. जुन्या पशुगणनांमध्ये जनावरांसोबत नांगर, गाड्या, ऑइल इंजिनं आणि ट्रॅक्टरही मोजलेले असतात. दर पाच वर्षांनी होणारी ही गणना १९१९ पासून चालत आली आहे. चांगला आधार आहे. पण हा आकडा त्या वर्षी असलेल्या यंत्रांचा. दोन गणनांच्या मध्ये काय झालं? इंजिन चालू होतं की गंजत पडलं होतं?

इथे एक कागद उपयोगी पडतो. प्रदूषणाचा अभ्यास करणारे त्याच्याकडे सहसा बघत नाहीत. तो म्हणजे सातबारा. शेतकऱ्याने भूविकास बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज काढलं की इतर हक्कात बोजा चढायचा आणि त्याचा फेरफार व्हायचा. कर्ज कशासाठी, विहिरीसाठी की इंजिनासाठी, हे बऱ्याचदा फेरफारात लिहिलेलं असतं. शिवाय गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाच्या साधनाचा रकाना आहे. एका गावाचे जुने फेरफार ओळीने वाचत गेलात तर इंजिनं गावात कधी शिरली, कुणाकडे आधी आली, कुणाकडे आलीच नाहीत, हे दिसू लागतं. धुराचा इतिहास असा महसूल खात्याच्या बस्त्यात बांधून ठेवलेला असतो. तलाठ्याला हे कळलं तर तोही हसेल!

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बोजा चढला म्हणजे इंजिन आलंच असं नाही, आणि बोजा उतरला म्हणजे इंजिन गेलं असंही नाही. रोखीने किंवा जुनं घेतलेलं इंजिन या कागदावर येतच नाही. ट्रॅक्टरच्या परिवहन खात्यातल्या नोंदणीचंही तसंच. नोंदणी होते, पण मोडीत निघालेला ट्रॅक्टर पटावर तसाच राहू शकतो. म्हणून एका कागदावर विसंबू नका. दोन-तीन कागद एकमेकांसमोर बसवा आणि त्यांचं भांडण लागू द्या. भांडणातून खरं बाहेर येतं.

तास : जिथे मी चुकलो

दुसरा आकडा तासांचा, आणि इथे मी स्वतः आपटलो. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ट्रॅक्टरचा खर्च काढताना वर्षाला १००० तास आणि आयुष्य १० वर्षं धरायची पद्धत आहे. मी तोच आकडा उचलला, सगळ्या वर्षांना लावला आणि छान चढता आलेख काढला. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला : "१९७२ ला किती तास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या. विहिरीत पाणी नसेल तर इंजिन चालणार किती? माझ्या आलेखात मात्र त्या वर्षीही धूर नेमाने वाढत होता. १००० तास हा आकडा खर्चाचा हिशोब सोयीचा व्हावा म्हणून ठरवलेला. प्रत्यक्षात ट्रॅक्टर किती चालला हे कुणी पाहून तो लिहिलेला नाही. मी त्याला गाव विचारलं नाही, त्याचं हे फळ.

मग तास शोधायचे कसे? उलट्या बाजूने. पीक कोणतं, त्याला पाणी किती पाळ्या, विहिरीत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, एका पाळीला इंजिन किती वेळ चालायचं. पीक पाहणीतून पिकं मिळतात, पावसाच्या नोंदी मिळतात. उरलेलं माणसांना विचारावं लागतं. आणि विचारायचीही रीत आहे. "वर्षाला किती तास इंजिन चालायचं?" असं विचाराल तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. "कांद्याला भरणं किती दिवसांनी द्यायचात? डिझेलचा कॅन किती दिवस पुरायचा? आणायला कुठे जायचात?" असं विचारा, मग बघा कसे बोलतात ते.

हा फरक किती मोठा आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. समजा ५ अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅटचं इंजिन आहे. सोयीसाठी पूर्ण भारावर धरू आणि किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरू. म्हणजे तासाला साधारण ०.९३ किलो डिझेल. इथे डिझेल थेट मिळालं, म्हणून गुणांकही डिझेलवरचा घेऊ. युरोपीय पुस्तकातला ढोबळ गुणांक घेतला तर किलोभर डिझेलमागे सुमारे ३४ ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडं आणि जवळपास २ ग्रॅम सूक्ष्म कण. वर्षाला ६०० तास चाललं तर ५५५ किलो डिझेल, सुमारे १९ किलो ऑक्साइडं आणि किलोभर कण. तेच २०० तास धरले तर सगळं एक तृतीयांशावर. गुणांकावर वाद घालण्यात आपण महिने घालवतो, आणि इथे नुसत्या तासांनी उत्तर तिप्पट हललं!

म्हणून उत्तर एका आकड्यात देऊ नका, पट्ट्यात द्या : इतक्यापासून इतक्यापर्यंत. व्हायव्हाला त्यावर प्रश्न येतील, येऊ द्यात. त्यांना उत्तरं देता येतात, खोट्या नेमकेपणाला देता येत नाहीत.

गुणांकालाही वय असतं

आता शेवटचा आकडा. कार्बन डायऑक्साइडचं सोपं आहे. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो, इंजिन नवं असो की जुनं. डिझेल कळलं की काम भागलं. बाकी प्रदूषकांचं तसं नाही. गंधकाचंच घ्या. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे किलोभर डिझेलमागे २० ग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये मर्यादा आहे दहा लाखांत १० भाग. फरक हजार पटींचा! आजचा गुणांक घेऊन १९७५ चा धूर मोजाल तर इतिहास धुऊन स्वच्छ होईल, पण खोटा होईल.

ट्रॅक्टरच्या इंजिनांना आपल्याकडे पहिली मर्यादा लागली ती १९९९ मध्ये. "ट्रेम" नावाने टप्प्याटप्प्याने ती कडक होत गेली. चौथा टप्पा जानेवारी २०२३ पासून लागू झाला, पण ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाच. देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतले. शेतकऱ्याला महाग ट्रॅक्टर परवडणार नाही ही अडचण खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण इतिहास लिहिताना नोंद अशी करा : नियम कोणत्या वर्षी आला एवढंच पाहू नका, त्यात कोण बसलं आणि कोण बाहेर राहिलं तेही लिहा.

मग उसाचा ट्रॅक्टर कुणाचा?

सुरुवातीचा प्रश्न आता घेऊ. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षाने डिझेल कोण वापरतं याची देशव्यापी पाहणी करवून घेतली. २०१४ मध्ये निकाल आला : सुमारे ७० टक्के वाहतूक, १३ टक्के शेती. ट्रॅक्टरचं डिझेल यात शेतीकडे जातं. पण आपला ट्रॅक्टर ऊस घेऊन महामार्गावर आहे. हंगाम संपला की तोच ट्रॅक्टर मुरूम, विटा, पाण्याचा टँकर ओढतो, लग्नाचं वऱ्हाडही नेतो. नांगरताना इंजिनावर येणारा भार वेगळा, दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढतानाचा वेगळा, कारखान्याच्या रांगेत घुरघुरत उभं राहण्याचा आणखी वेगळा. युरोपीय पुस्तकातला लोड फॅक्टर यातल्या नेमक्या कशाला लावायचा?

माझं उत्तर असं : रकाना बदलता येत नसेल तर निदान ट्रॅक्टरचे तास दोन ठिकाणी लिहा, शेतातले आणि रस्त्यावरचे. बेरीज कदाचित फारशी बदलणार नाही, पण धूर कुठे सुटला ते कळेल. आणि ते का कळायला हवं, हे विहिरीकडे परत गेल्यावर समजतं.

जमिनीवर ठेवलेला पंप पाणी सात-आठ मीटरपेक्षा फार खालून ओढू शकत नाही, हवेच्या दाबाची मर्यादाच तेवढी. पाणी खोल गेलं की लोकांनी इंजिनच विहिरीत उतरवलं, आतल्या कपारीवर ठेवलं. विहिरीत धूर कोंडतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड. अशा विहिरीत उतरलेली माणसं गुदमरून दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. आपल्या सूत्रात त्या इंजिनाचं उत्सर्जन काही किलो. जिल्ह्याच्या बेरजेत ते दिसणारही नाही. पण ज्या घरातला माणूस गेला त्या घरासाठी हिशोब तिथेच संपला.

पुढे १९६० मध्ये वीज मंडळ स्थापन झालं, गावोगाव वीज पोचत गेली, इंजिनाच्या खोलीत मोटर आली, मग विंधन विहिरी आणि पाण्यात बुडणारे पंप. आपल्या तक्त्यात विहिरीवरचा धूर जवळजवळ शून्य होतो. खरं म्हणजे तो गेला नाही, परळीसारख्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीकडे गेला. शेतकऱ्याच्या श्वासातून तो हटला, हे मोठंच झालं. पण तिसगावची बेरीज कमी झाली म्हणून हवेतली बेरीज कमी झाली, असं लिहू नका. आता सौर पंप येताहेत, त्यांनी ही बेरीज पुन्हा मांडायला लावली आहे.

तर मित्रांनो, आकडेवारी नाही म्हणून विषय सोडू नका. आकडेवारी असते, वेगळ्या नावाने वेगळ्या कपाटात असते. या सुट्टीत गावी गेलात की एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, वही घ्या आणि विचारा, आपल्या विहिरीवर इंजिन कधी आलं, कशाला विकलं, डिझेल कुठून यायचं. मग तलाठी कार्यालयात जाऊन त्या वर्षीचा फेरफार काढा. दोन्ही जुळले तर तुमचा पहिला आकडा मिळाला. नाही जुळले, तर तुमचा पहिला प्रश्न मिळाला. संशोधन दोन्हीपैकी कशानेही सुरू होतं.